रस्ता कोणाचा?



रविवारी मिस्सा संपली की आपल्या चर्चच्या फाटकापाशी काय होते, ते आपण सर्वजण पाहतो. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, मधून स्कूटर, आणि पायी आलेली एखादी आजी नातवाचा हात धरून भिंतीला चिकटलेली. घर चालत दहा मिनिटांवर असूनही मोटार काढणाऱ्यांत मीही आहे, हे आधी कबूल करतो.

मोटार बाळगणे हा काही दोष नव्हे. आजाऱ्याला, अपंगाला, रात्री-अपरात्रीच्या प्रसंगाला ती लागतेच. प्रश्न वेगळा आहे. रस्ते व पूल सर्वांच्या पैशांतून होतात. मग ते बांधताना डोळ्यांसमोर कोण असतो?

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. कामावर निघालेली, आपल्यासारखीच लोकलने जाणारी माणसे! नवा पूल आधीच मंजूर झाला होता, पण उभा राहिला नव्हता. त्यानंतर लष्कराला बोलावण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुलाही झाला. म्हणजे उणीव लोखंडाची नव्हती की कौशल्याची. पायी चालणाऱ्याची निकड कोणाला निकड वाटली नव्हती, एवढेच.

याच मुंबईत २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२४ पासून सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. हजारो कोटी रुपये खर्ची पडले. या दोन्ही रस्त्यांवर दुचाकीलासुद्धा मज्जाव आहे. किनारा मार्गावर टोल नाही. बसने जाणाऱ्याचे किमान भाडे मात्र मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मेट्रोवरही मोठा खर्च होत आहे, हे मान्य करायला हवे. पण मेट्रोतून उतरलेला माणूस शेवटी पायीच घरी जातो. तेथे धड फूटपाथ नसेल तर त्याने काय करावे?

काहीजण म्हणतात, “लोकांनाच मोटार हवी असते.” खरे असेल. पण ज्याच्यापुढे एकच पदार्थ वाढला, त्याला आवड विचारण्यात काय अर्थ? बस वेळेवर येत नाही, सायकल चालवताना जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून माणूस कर्ज काढून गाडी घेतो. ज्याला तेही जमत नाही, तो लोकलच्या दारात लोंबकळतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच विषय मांडला आहे. सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम हवा, पण गर्दी व असुरक्षितता यांमुळे प्रवाशाची प्रतिष्ठा हरवत असेल, तर आधी ती व्यवस्था सुधारली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. नुसते “गाडी सोडा” म्हणून भागत नाही. चालणाऱ्याला मानाने चालता येईल, अशी तजवीज करावी लागते.

मते मागायला येणाऱ्यांकडे आपण रस्ता रुंद करून मागतो. यापुढे फूटपाथ आणि वेळेवर येणारी बसही मागू या. आणि ज्याला शक्य आहे, त्याने येत्या रविवारी चालत यावे. निदान फाटकापुढची जागा तरी मोकळी ठेवू या. तेवढी वाट त्या आजीची आहे.