एक तांब्या पाणी

(शास्त्रपाठ : मार्क ४:२६-२९, योहान २०:११-१६)



ज्या घरातून नुकतीच अंत्ययात्रा निघाली आहे, त्या घरी आपण सांत्वनाला जातो तेव्हा काय बोलतो, ते आठवून पाहा. धीर धरा, विश्वास ठेवा, प्रार्थनेत अधिक वेळ घालवा, शास्त्र वाचा, मंडळीच्या कामात मन गुंतवा. यांतले एकही वाक्य चुकीचे नाही. परंतु प्रत्येक वाक्य आज्ञार्थी आहे. ज्याच्या अंगात सकाळी अंथरुणातून उठण्याचेही बळ उरलेले नाही, त्याच्यापुढे आपण कामांची यादी ठेवून परततो.

पाळक या नात्याने मीही अनेक वर्षे ही यादी घरोघर पोहोचवली. पुढे माझ्या पत्नीला प्रभूने आपल्याजवळ बोलावून घेतले. लोकांनी तीच यादी मोठ्या प्रेमाने माझ्या हाती दिली, तेव्हा तिचे वजन मला कळले. रविवारी मी उपदेश करीत असे आणि लोक म्हणत, पाळकसाहेब खंबीर आहेत. सोमवारपासून शनिवारपर्यंत मला प्रार्थनेचा एक शब्दही सुचत नसे. त्या काळी ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. आज सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी या घटकेला तेथेच उभे असेल.

प्रभू येशूने सांगितलेला एक लहानसा दाखला केवळ मार्काच्या शुभवर्तमानात आढळतो. अवघ्या चार वचनांचा. एक मनुष्य जमिनीत बी टाकतो. मग तो काय करतो? रात्री झोपतो, दिवसा उठतो. एवढेच! या दाखल्यात खुरपणी नाही, राखण नाही, पाखरे हाकणे नाही. बी रुजते आणि वाढते. कसे, ते त्या मनुष्याला ठाऊकही नसते. भूमी आपोआप पीक देते, असे प्रभू म्हणतो. येथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याच शब्दकुळातून आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द आला आहे. नव्या करारात तो आणखी एकाच ठिकाणी येतो. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. पेत्र तुरुंगात दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी बांधलेला झोपला आहे. देवदूत त्याला उठवून बाहेर नेतो आणि नगरात जाण्याचा लोखंडी दरवाजा त्यांच्यासाठी आपोआप उघडतो. पेत्राने तो दरवाजा ढकलला नाही. आपण जागे आहोत की स्वप्नात, हेही त्याला नीट उमगले नव्हते.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द लेवीय पंचविसाव्या अध्यायात आहे. सहा वर्षे पेरणी करावी, सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा. त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते उगवेल. आपला शेतकरीही जमीन पडीक ठेवण्याचे मोल जाणतो. मग शोकाने जिचा कस गेला आहे अशा मनाच्या भूमीला आपण एकही वर्ष पडीक राहू का देत नाही?

आता माझ्या गॅलरीविषयी सांगतो. पत्नीने तेथे दहाबारा कुंड्या ठेवल्या होत्या. ती गेल्यावर मी तिकडचे दारच उघडले नाही. गुलाब वाळला. मोगरा वाळला. एका कुंडीत पानफुटी होती. तिची जाड, रसरशीत, दंतुर कडांची पाने आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिली असतील. आम्ही शाळेत असताना ती पुस्तकात ठेवीत असू. कित्येक महिन्यांनी काही कारणाने दार उघडले, तेव्हा त्या झाडाचे गळून पडलेले एक पान शेजारच्या रिकाम्या कुंडीतील मातीवर दिसले. त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेत इवलेसे रोप आले होते. दोन पाने, आणि खाली पांढरी, केसासारखी मुळे. मुळापासून तुटलेल्या पानाने स्वतःजवळ जेवढा ओलावा होता तेवढ्यावर हे केले होते, आणि मी तर काहीच केले नव्हते. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणले आणि हलक्या हाताने शिंपडले. पत्नीच्या मृत्यूनंतर कोणी न सांगता मी केलेले ते पहिले काम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावेसे वाटले, म्हणून लवकर उठलो.

त्या दिवशी मला शांती मिळाली असे मी लिहिणार नाही. ते खरे नाही. पुष्कळ दिवस सकाळची ती पाच मिनिटे एवढीच माझी उपासना होती. शब्द त्यानंतर बऱ्याच काळाने आले. आणि गुलाब पुन्हा फुटला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कोणी म्हणेल, हा आळसाचा उपदेश झाला. आळशाच्या मळ्यात काटे माजल्याचे नीतिसूत्रांत सांगितले आहे ना? होय, सांगितले आहे. परंतु आळशी आणि घायाळ यांतला भेद परमेश्वर जाणतो. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला दूषण दिले नाही. देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले. तो जेवला, पुन्हा झोपला आणि पुन्हा उठून जेवला. होरेब डोंगराची वाट त्यानंतरची आहे.

म्हणून ज्याचे मन खचले आहे त्याने मोठी बाग करण्याच्या भरीस पडू नये. मोठी बाग हे आणखी एक ओझे होते, आणि ती सुकली की आपण येथेही हरलो असे वाटू लागते. एकच कुंडी पुरे. ती मातीची असावी. तळाला भोक असावे आणि त्यावर खापराचा तुकडा ठेवावा. निम्मी माती, निम्मे जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. झाडही क्षमा करणारे निवडावे. पानफुटी, कोरफड, पानओवा, गवती चहा यांपैकी कोणतेही चालेल. चार दिवस विसरलात तरी ती रागावत नाहीत. कोरफड तर स्वतःच्या पानांत पाणी साठवून ठेवते. अंगण असेल तर गुलबक्षीचे मिऱ्यासारखे काळे बी एकदा टाकावे. पुढच्या पावसाळ्यात ती बहुधा न सांगता उगवते आणि दिवसभराचे ऊन उतरल्यावर संध्याकाळी फुलते. सकाळ ज्यांना जड जाते त्यांना हे फूल मी मुद्दाम सुचवतो. आपल्यापैकी अनेकांची घरे परप्रांतात, भाड्याची आणि बदलीची आहेत. तेथे कशाला झाडे, असे वाटेल. बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने जे पत्र पाठवले (अध्याय २९), त्यात परक्या भूमीतही मळे लावण्यास सांगितले होते, हे ध्यानात घ्यावे.

येथे एक धोक्याची सूचना केली पाहिजे. घरातील कुंड्यांतली झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा अती पाण्याने अधिक मरतात. पान मलूल दिसले की आपण घाबरून पाणी ओततो. मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजतात, आणि मग पान आणखी मलूल होते. आपण आणखी पाणी घालतो! उपाय सोपा आहे. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. सांत्वनाचेही असेच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेवढे त्यांनी योग्य केले. पुढे ते बोलू लागले, आणि जवळजवळ तीस अध्याय ते भाषण ओसरत नाही. दुःखितांच्या घरी जाताना आपणही आधी बोट घालून पाहावे.

झाड हे औषधाला पर्याय नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो. आठवडेच्या आठवडे झोप आणि अन्न तुटले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वैद्यकीय उपचार घेण्यात विश्वासाची उणीव नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

विल्यम केरी यांचे नाव आपणा मराठी ख्रिस्ती जनांना विशेष जवळचे आहे. कोलकात्याजवळील सेरामपूर येथून (महाराष्ट्रातले श्रीरामपूर नव्हे) त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मराठी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. हे सारे त्यांनी कोणत्या घरात बसून केले, ते आपण क्वचितच सांगतो. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डॉरथी यांचे मानसिक संतुलन ढळले ते १८०७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. १८१२ साली छापखान्याला आग लागून वर्षांचे श्रम जळाले. या माणसाने सेरामपूरला बाग केली होती, आणि सकाळच्या एकांतासाठी ते तेथे जात. एकदा इंग्लंडहून एका परिचिताने त्यांना बियांची पिशवी पाठवली. बिया नीट काढून घेतल्यावर केरींनी ती रिकामी पिशवी सावलीतल्या मातीवर झटकली. काही दिवसांनी तेथे इंग्लंडच्या कुरणांत उगवणारे साधे डेझीचे रोप वर आले. १७९३ साली भारतात आल्यापासून केरी मायदेशी परतले नव्हते. इतक्या वर्षांनी ते फूल पाहून आपल्याला केवढा आनंद झाला, हे त्यांनी पत्रात कळवले आहे. मुद्दाम पेरलेल्या बियांपेक्षा त्या झटकलेल्या धुळीने त्यांना अधिक दिले. पुढे तेथील हवेत ते झाड टिकेना, म्हणून दरवर्षी बी धरून ते पुन्हा पेरीत. १८२० साली ज्यांनी भारतात कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली, त्या विद्वानाची ही गोष्ट आहे.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालिया कबरेजवळ रडत उभी होती. कबर बागेत होती, असे योहान आवर्जून लिहितो. तिने येशूला पाहिले आणि तो माळी असावा असे तिला वाटले. तिची ती चूक मला नेहमी थबकवते, कारण एदेनात बाग लावणारा परमेश्वरच होता. त्याने तिला रडू नको अशी आज्ञा केली नाही. का रडतेस, असे विचारले. मग तिचे नाव घेतले. तिने काही केल्यामुळे हे घडले नव्हते. ती केवळ तेथून गेली नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका भगिनीचा तरुण मुलगा अपघातात गेला. तिने उपासनेला येणे सोडले आणि मला भेटण्यासही नकार दिला. मी तिच्या बहिणीच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळून पानफुटीचे एक पान पाठवले आणि निरोप दिला की, हे पुरू नका, ओल्या मातीवर नुसते ठेवा. इतर काही करावे लागणार नाही. ती अजून उपासनेला येत नाही. पान मात्र तिसऱ्या आठवड्यात फुटले, असे तिने कळवले, आणि विचारले आहे की पाणी किती घालायचे.