सोडायचंच होतं तर

गेल्या वर्षी एक अमेरिकन निबंध अनुवादासाठी माझ्याकडे आला. नद्या आणि सरोवरांवरच्या लेखनाचा एक संग्रह मराठीत व्हायचा होता. त्यातले चार लेख माझ्या वाट्याला आले, त्यांपैकी हा एक. विषय होता शरद ऋतूत ‘ट्रोलिंग’ करून मोठे वॉलाय मासे पकडण्याचा. पहिला खर्डा मुद्रितशोधनाला गेला तेव्हा तिथल्या मुलीचा फोन आला, “ताई, ट्रोलिंग म्हणजे माशाला शिव्या द्यायच्या का?” आम्ही दोघी हसलो. पण तिची चूक नव्हती. मराठीत हा शब्द आला तो समाजमाध्यमांतून, पाण्यातून नव्हे. मूळ अर्थ साधा आहे: होडी हळूहळू चालू ठेवायची आणि तिच्यामागे पाण्यातून गळ ओढत न्यायचा. गळाला खरं आमिष नसतं. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा रंगवलेला खोटा मासा असतो आणि तो ओढला गेला की जिवंत असल्यासारखा वळवळतो.

वॉलाय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. शास्त्रीय नावातल्या ‘विट्रियस’चा अर्थही काचेसारखा असाच आहे. मी त्याला मराठीत ‘काचडोळ्या’ म्हटलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरोवरांचं पाणी गार होऊ लागलं की हिवाळ्याच्या तयारीला लागलेले मोठे मासे अधाशासारखे खातात. त्यांत माद्या जास्त, कारण या जातीत मादीच नरापेक्षा मोठी होते. संध्याकाळी आणि रात्री माणसं होड्या घेऊन त्यांच्या मागावर निघतात. निबंधाचा लेखक तासन्‌तास थंडीत बसतो, एक मोठी मादी त्याच्या गळाला लागते, तो तिची लांबी मोजतो, छायाचित्र काढतो आणि तिला पाण्यात परत सोडतो. निबंधाचा सगळा भावनिक भार त्या शेवटच्या वाक्यावर आहे.

त्या वाक्यातलं क्रियापद अगदी साधं होतं, ‘सोडलं’ एवढंच. मी लिहिलं, “मी तिला जीवदान दिलं.” वाक्याला उंची आली असं मला वाटलं. अनुवादकाला असे मोह होतात आणि बहुतेक वेळा ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. माझ्या लक्षात आलं ते गंगरेलच्या धरणात.

गंगरेल म्हणजे महानदीवरचं रविशंकर सागर. आमच्या रायपूरहून मोटारीने साधारण दोन तासांवर, धमतरीच्या पुढे. मी या शहरात वाढले, आजोबा विदर्भातून इथे आले होते. पण गंगरेलला मी नेहमी सहलीलाच गेलेली. या वेळी निबंधातली शारीरिक क्रिया समजून घ्यायची होती. दोरी हाताला कशी लागते, मासा ओढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना लिहिलेली क्रियापदं पोकळ वाटत होती. ओळखीच्या ओळखीतून एक वयस्कर केवट तयार झाले. डोंगा त्यांचा, मासेमारीचा परवानाही त्यांचा. मी त्यांना ‘कका’ म्हणायचे. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात. ते मला ‘नोनी’ म्हणत, म्हणजे पोरी. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणी नोनी म्हटलं की बरं वाटतं.

कोजागिरी नुकतीच झाली होती. पावसाळ्यातला गढूळपणा जाऊन पाणी निवळलं होतं. मी मागवलेला चमच्यासारखा चकाकता पत्रा आणि त्याला जोडलेला तिहेरी गळ पाहून कका हसले. याला ना वास ना चव, मासा कशाला खाईल, असं त्यांचं म्हणणं. छत्तीसगढीत गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला ‘गरी खेलना’. पोटासाठी धरणाराही ‘खेळतो’च. तेव्हा खेळ विरुद्ध गरज अशी सोपी विभागणी मी मनात करून गेले होते, ती भाषेनेच पहिल्या तासात मोडली.

कका संथपणे डोंगा वल्हवत होते, मी दोरी बोटात धरून बसले होते. सूर्य डोंगरामागे गेला आणि दोरीला एकच घट्ट झटका बसला. पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं की मला आनंद झाला. तो लपवून हा लेख लिहिता येणार नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवाच्या आकांताने ओढत होतं आणि या टोकाला मी हसत होते.

वर आली ती पढिन. आपल्याकडे या माशाला शिवडा म्हणतात. अंगावर खवले नाहीत, जबडा पार डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला, आत बारीक दातांच्या रांगा. वजन सहा किलोच्या आसपास असावं. काचडोळ्यासारखीच ही जातही शिकारी. पण हिचा डोळा इतका लहान की त्यात काहीच चमकलं नाही. तिने माझ्याकडे ‘पाहिलं’ वगैरे असं काही लिहायची सोय तिने ठेवली नाही.

मी म्हटलं, “कका, हिला सोडू या.”

माझ्याजवळ कारणं होती. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा मासा आता असुरक्षित गणला जातो. मोठी मादी पावसाळ्यात किती अंडी घालील आणि तिच्यासारखीच माद्या प्रजेला कसा आधार असतात, हे सगळं मी अनुवादाच्या निमित्ताने वाचलं होतं. अमेरिकेत अनेक ठिकाणी नियमच असे आहेत की ठरावीक लांबीच्या मधले मासे परत सोडावे लागतात, म्हणजे वीण टिकते. मी ककांना म्हटलं की बाजारात हिचे जितके पैसे येतील तितके मी देते.

कका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “छोड़ना रहिस त धरे काबर, नोनी?”

सोडायचंच होतं तर धरलंस कशाला, पोरी?

हा प्रश्न मराठीत आणायला काहीच कष्ट पडत नाहीत. ‘धर’ हा धातू दोन्ही भाषांत आहे. मासाही धरतात, हातही धरतात, आणि ज्या पाण्यावर आम्ही बसलो होतो त्याला मराठीत धरणच म्हणतात. कष्ट पडतात ते उत्तर आणायला. ककांनी माशाचं तोंड उघडून दाखवलं. गळ घशात खोल रुतला होता, कल्ल्यांतून रक्त येत होतं. सोडली असती तर ती रात्रभरात मेली असती, कुणाच्याच उपयोगी न पडता. फक्त ते मला दिसलं नसतं. माझ्या आठवणीत ती पोहतच राहिली असती. ककांनी वल्ह्याच्या दांड्याने डोक्यावर एक नेमका घाव घातला आणि ती शांत झाली.

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरते आहे.

माशाला वेदना होतात का, ही चर्चा जुनी आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत आणि डोक्यात वेदनाकारक उद्दीपन टिपणाऱ्या चेतातंतूंची नोंद केली, तेव्हापासून ‘माशाला काही कळत नाही’ हे वाक्य निर्धास्तपणे म्हणता येत नाही. विरोधी मतं आहेत, वाद संपलेला नाही. पण वाद चालू आहे एवढंही सावध करायला पुरेसं आहे. स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांत याचा एक निष्कर्ष काढला: सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकायला तिथे मनाई आहे. खायचा असेल तर धरा, केवळ मौज म्हणून प्राण्याला यातना देऊ नका. म्हणजे ज्या कृतीला अमेरिकन निबंधकार सद्‌गुण मानतो, तीच स्विस कायद्याला क्रौर्य वाटते. आणि दोन्हीकडे आधार माशाच्या भल्याचाच.

रायपूरच्या मराठी माणसाला अशा वेळी माधवराव सप्रे आठवावेत हे साहजिक आहे. मराठी मातृभाषेचे सप्रे हिंदीत लिहीत, पेंड्र्याहून 1900 साली त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं, आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. अनुवादक म्हणून ते माझे पूर्वज. ‘गीतारहस्या’तला एक मध्यवर्ती विचार असा की कर्माची नैतिक किंमत त्याच्या बाह्य रूपावरून ठरत नाही, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते. हे माप लावलं तर मी सुटते असं पहिल्यांदा वाटलं. बुद्धी तर सोडण्याची होती! पण कोणत्या क्षणीची बुद्धी? पाण्यात हात घालून मासा सोडणाऱ्याची बुद्धी शुद्ध असेलही. दोन तास आधी गळ टाकताना तीच बुद्धी काय करत होती? कर्म तिथून सुरू झालं. शेवटच्या मिनिटाची दया वेगळी काढून तिचं वजन करणं म्हणजे खातेवहीची फक्त जमेची बाजू वाचणं.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. मांस विकणारा हा माणूस तपस्वी कौशिकाला धर्म सांगतो. तो आपला धंदा गोड करून सांगत नाही. कर्म घोर आहे हे मान्य करतो आणि मग विचारतो की नांगर चालवणारा शेतकरी किती जीव मारतो. त्याच्या बोलण्यातून पळवाटही काढता येईल: सगळेच मारतात, तर मग काय! मला मात्र त्यात ऋण ऐकू येतं. मी कुणाच्या तरी जिवावर जगतो आहे हे जो जाणतो, तो निदान हिशेब ठेवतो. धरून सोडणाऱ्याला मासा हवा असतो, पण ऋण नको असतं. झटका, झुंज, छायाचित्र, सगळं घ्यायचं आणि वर दात्याच्या खुर्चीत बसायचं. ‘जीवदान’ या माझ्या शब्दात नेमकं हेच होतं. ज्याने जीव संकटात घातला, त्यानेच तो दान केला!

म्हणून ककांचा पक्ष पूर्ण बरोबर ठरतो का? तसंही नाही. त्या सहा किलोंबरोबर पुढच्या आषाढातली वीणही गेली, हे खरंच आहे. कका स्वतःही काही संत नाहीत. छत्तीसगढमध्ये 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तरुणपणी घरात काही नसताना बंदीतही आपण जाळं टाकलं आहे, हे त्यांनीच सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत. “वो बखत गलत करे रहेंव,” म्हणाले. चूक केली होती. त्यांच्या हिशेबात ती रक्कम अजून उभी आहे.

परतीच्या वाटेवर मी या बंदीचाच विचार करत होते. तीही एक प्रकारे सोडणंच आहे. पण ते धरण्याच्या आधीचं. कुणाच्या घशात गळ रुतत नाही, कुणाला छायाचित्र मिळत नाही, कुणी दाता होत नाही. दोन महिने डोंगे काठाला बांधलेले असतात आणि त्याची किंमत रोजच्या कमाईतून मोजावी लागते. माझ्या सोडण्याची किंमत मी मोजणार होते ती पाकिटातून, तीही दुसऱ्याचा घास विकत घेऊन. खरी दया दिसत नसावी असं काही मी म्हणत नाही. पण न दिसणारी दया मला आता जास्त भरवशाची वाटते.

आणि मी तरी कुठे बाहेर उभी आहे? रायपूरच्या नळांना येणारं पाणी गंगरेलहून कालव्याने खारुनला मिळतं आणि तिथून शहरात येतं. त्या पाण्याखाली गावं गेली आहेत. अंगारमोती देवीलासुद्धा तिथून उठून काठावर यावं लागलं, आज तिचं देऊळ धरणाच्या शेजारी आहे. ककांच्या वडिलांचं शेत त्याच पाण्याखाली आहे. आम्ही त्याच्यावरून गेलो तेव्हा त्यांनी वल्हं थांबवून हाताने जागा दाखवली होती. मी तिथे वाकून बघितलं. पाणीच दिसलं. त्यांच्या शेतावर गळ टाकून मी त्यांना भूतदया शिकवत होते.

पढिन ककांनी दुसऱ्या दिवशी धमतरीच्या बाजारात विकली. मी डोंग्याचे ठरलेले पैसे दिले. माशाचे देऊ केलेले जास्तीचे त्यांनी घेतले नाहीत. लग्नानंतर मी मासे खायला लागले, सासर रत्नागिरीकडचं. पुढच्या रविवारी घरी रोहू होता, मी तो जेवले. काही बदललं असेल तर एवढंच की मुलीने “आई, हा कुठला?” असं विचारलं तेव्हा “बाजारातला” असं म्हणून मी थांबले नाही. ठाऊक होतं तेवढं सांगितलं.

मुद्रितं परत आली तेव्हा शेवटच्या पानावरचं ‘जीवदान दिलं’ खोडलं. ‘मुक्त केलं’ लिहून बघितलं, तेही खोटं वाटलं. शेवटी लिहिलं, “मी तिला सोडलं.” मूळ लेखकाने तेवढंच म्हटलं होतं. त्याने धरलं, त्याने सोडलं. बाकीचं औदार्य माझं होतं आणि ते काढून टाकायला मला एक मासा लागला.