‘म्हणे’ या शब्दाचे नीतिशास्त्र

१

ऐतिहासिक शहर पाहायला गेलेला मनुष्य ते शहर जितके पाहतो त्याहून अधिक ऐकतो. कमान, घुमट, बुरूज हे सारे डोळ्यांसमोर असते. परंतु त्यांचा काळ, कर्ता आणि प्रयोजन या गोष्टी दगडावर क्वचितच कोरलेल्या असतात, आणि कोरलेल्या असल्या तरी ती लिपी आजच्या प्रवाशाला वाचता येत नाही. म्हणून सांगणारा लागतो. तीर्थक्षेत्री हे काम उपाध्याय करीत आला. पर्यटनस्थळी ते गाइड करतो. गटात सामील न होता केवळ आपल्यासाठी किंवा आपल्या कुटुंबासाठी गाइड ठरवून शहर पाहण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. व्यवहार म्हणून तिच्यात वावगे काही नाही. मात्र तिच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो साहित्यविचाराच्या कक्षेत येतो, कारण मुळात तो निवेदक, श्रोता आणि कथाविषय यांच्या संबंधांचा प्रश्न आहे. एकाच श्रोत्यासाठी, त्याच्याकडून मोबदला घेऊन, त्याला रुचेल अशा बेताने इतिहास सांगणारा निवेदक असत्य बोलतो काय? बोलत असेल, तर त्या असत्याचा कर्ता कोण?

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले इतिहासकाराचे: गाइड सांगतो त्या दंतकथा, आणि दंतकथा म्हणजे अज्ञान. दुसरे अलीकडच्या सिद्धान्तव्यवहारातून आलेले आहे. हेडन व्हाइट यांच्या ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) या ग्रंथानंतर इतिहासलेखनाचीही घडण कथनात्मक असते हा विचार सर्वपरिचित झाला. त्यातून पुष्कळांनी असा सोयीस्कर निष्कर्ष काढला की इतिहासकाराची कथा आणि गाइडची कथा यांत तत्त्वतः भेद नाही. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरोधी आहेत. पण एका बाबतीत ती एकच आहेत. दोन्ही उत्तरे श्रोत्याला मोकळे सोडतात. पहिल्यात तो फसवला गेलेला निष्पाप ठरतो, दुसऱ्यात त्याची फसवणूक संभवतच नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या मोकळिकीवर आहे.

२

उदाहरण म्हणून विजापूर घेणे योग्य ठरेल. २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव विजयपुरा आहे. मराठी वाचकाच्या मनात ते विजापूर म्हणूनच वसते. आदिलशाहीची ही राजधानी १६८६ मध्ये औरंगजेबाच्या हाती पडली. मुहम्मद आदिलशाहाचा (कारकीर्द १६२७ ते १६५६) गोल घुमट, दुसऱ्या इब्राहिमचा रोजा, दुसऱ्या अली आदिलशाहाचे छप्पर न चढलेले बारा कमान, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ, ताज बावडी, आसार महाल, असा फेरा टांग्यातून किंवा मोटारीतून एका दिवसात होतो. प्रत्येक वास्तूला एक आख्यायिका चिकटलेली आहे. बारा कमान अपुरे का राहिले, तर त्याची सावली गोल घुमटावर पडली असती म्हणून. घुमटाखाली सुलतानाच्या कबरीजवळ रंभा या नर्तकीची कबर का, तर प्रेमाची परीक्षा म्हणून तिने वरून उडी घेतली म्हणून. या कथा निरुपद्रवी आहेत. त्यांनी कोणाचे काही हिरावले जात नाही, आणि त्यांच्यावाचून तो दिवस कोरडा गेला असता.

‘साठ कबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थळी मात्र कथेचे स्वरूप पालटते. शहराबाहेर एका चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या, जवळजवळ एकसारख्या घडणीच्या कबरी ओळींनी मांडलेल्या आहेत. त्या स्त्रियांच्या आहेत असे मानले जाते. आख्यायिका अशी की शिवाजी महाराजांवर चालून जाण्यापूर्वी अफजलखानाला ज्योतिषाने परत न येण्याचे भाकीत सांगितले. आपल्या मागे आपल्या बायका दुसऱ्या कोणाच्या होऊ नयेत म्हणून त्याने त्या सर्वांना ठार केले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, ही इतिहासाची बाब आहे. चौथऱ्यावरच्या कबरी डोळ्यांना दिसतात, हीही वस्तुस्थिती आहे. या दोन निश्चित गोष्टींच्या मधली सारी जागा आख्यायिकेने भरून काढली आहे.

आता अशी कल्पना करावी की एकच गाइड तीन निरनिराळ्या दिवशी तीन निरनिराळ्या श्रोत्यांना येथे आणतो. मराठी कुटुंब असेल तर खानाचे क्रौर्य पुढे येईल आणि कथा प्रतापगडावर जाऊन संपेल. दक्खनी उर्दू बोलणारे कुटुंब असेल तर ज्योतिषाचे भाकीत पुढे येईल, आणि मृत्यू ठाऊक असूनही हुकमाला बांधलेला सरदार दिसू लागेल. परदेशी प्रवासी असेल तर पौर्वात्य मत्सराची एक भडक कहाणी तयार होईल. तिन्ही वेळी घटना त्याच, बदलतो तो निवाडा. आणि तो निवाडा गाइड आपल्या मनातून काढत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, नावावरून, भाषेवरून तो वाचून घेतो.

३

गाइडच्या बाजूने पहिला बचाव असा करता येईल की ही कल्पित कथा आहे, आणि कल्पित कथा खोटी नसते, कारण ती काही प्रतिपादनच करीत नाही. कवी खोटे बोलत नाही, या सोळाव्या शतकात सर फिलिप सिडनीने मांडलेल्या युक्तिवादाचा हाच गाभा आहे. परंतु कल्पिताला हे अभय एका कराराने मिळते. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात तेव्हा श्रोत्याला ते आख्यान आधीच ठाऊक असते. ते कशासाठी सांगितले जात आहे हेही ठाऊक असते. पूर्वरंगात मांडलेल्या तत्त्वाला ते दृष्टान्त म्हणून येते, पुरावा म्हणून नव्हे. गाइडचे निवेदन याच्या नेमके उलट आहे. त्याच्या वाक्यात एक दर्शक सर्वनाम असते आणि त्या सर्वनामाबरोबर उचललेले बोट असते: ‘याच त्या कबरी.’ ज्या क्षणी ‘याच’ हा शब्द उच्चारला जातो त्या क्षणी कथा कल्पिताच्या प्रदेशातून बाहेर पडते. समोरचा दगड तिचा साक्षीदार होतो, आणि ज्या गोष्टीविषयी दगडाला काहीच सांगता येत नाही तिचीही साक्ष तो देऊ लागतो. तेव्हा कल्पिताचा बचाव येथे टिकत नाही.

समीक्षेतील ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पनाही येथे अपुरी पडते. वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (१९६१) मध्ये ती मांडली तेव्हा निवेदकाचे माप घेण्यासाठी त्याच्यामागे सूचित लेखक उभा होता. निवेदक कुठे घसरतो हे वाचकाला त्या लेखकाच्या मूल्यव्यवस्थेवरून कळते. गाइडच्या मागे असा कोणी लेखक नाही. त्याच्या निवेदनाचे माप घेण्याची जबाबदारी सर्वस्वी श्रोत्यावर येते. आणि येथील श्रोता तर स्वतःच त्या निवेदनाचा अर्धा कर्ता असतो.

४

मराठी परंपरेत या स्थितीला सर्वांत जवळचा वाङ्मयप्रकार म्हणजे बखर. बखर बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. सभासदाने शिवचरित्र लिहिले ते जिंजीत, राजाराम महाराजांनी विचारले म्हणून. निवेदन हे उत्तर आहे, आणि उत्तर विचारणाऱ्याच्या मर्जीकडे पाहून दिले जाते. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर प्रहार केले, त्यामागे हाच संशय होता. तरीही बखर आणि गाइडचे निवेदन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बखरीचा श्रोता बखरीतच नमूद असतो. कोणी विचारले आणि कोणाला सांगितले हे ठाऊक असल्यामुळे पुढच्या वाचकाला त्या मजकुरातून मर्जीचा भाग वजा करता येतो. राजवाड्यांना प्रहार करता आला तोही मजकूर समोर होता म्हणून. गाइडच्या बोलण्याचा मजकूर राहत नाही. काल या चौथऱ्यावर दुसऱ्या कोणाला काय सांगितले गेले हे आजच्या श्रोत्याला कधीच कळत नाही.

खाजगी फेरीचे नैतिक वैशिष्ट्य येथे स्पष्ट होते. मिश्र गटात कन्नड, मराठी, दक्खनी बोलणारे शेजारी उभे असतात. त्यांपैकी कोणीही तज्ज्ञ नसला तरी त्यांची केवळ उपस्थिती निवेदकाच्या जिभेवर अंकुश ठेवते. एकाला सुखावणारे वाक्य दुसऱ्याला दुखावील ही जाणीव त्याला शब्द तोलायला लावते. खाजगी फेरीत हा शेजारी नाहीसा होतो. पैसे देणारा असे मानतो की त्याने सवड आणि निवांतपणा विकत घेतला. प्रत्यक्षात त्याने साक्षीदाराची अनुपस्थितीही विकत घेतलेली असते. गोल घुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतो आणि मोठ्याने उच्चारलेला शब्द पुनःपुन्हा परत येतो. खाजगी श्रोत्याला दिवसभर असाच स्वतःचा आवाज ऐकू येत असतो. तो दुसऱ्याच्या तोंडून येतो, म्हणून पुरावा वाटतो.

मग दोष गाइडला द्यावा काय? तसा दोष देणे सोपे आहे आणि त्यात एक वर्गीय उद्दामपणाही आहे. दिवसाची मजुरी आणि वर मिळणारी बक्षिशी यांवर ज्याचे घर चालते त्याने ‘ठाऊक नाही’ असे म्हणावे अशी अपेक्षा करताना, हे उत्तर ऐकून किती जण खुशीने पैसे देतील हा प्रश्न श्रोत्याने आधी स्वतःला विचारला पाहिजे. अज्ञानाची प्रांजळ कबुली विद्यापीठात विद्वत्ता ठरते. चौथऱ्यावर ती कामातली उणीव ठरते. जो बाजार प्रांजळपणाला किंमत देत नाही त्याचा ग्राहक असत्याच्या जबाबदारीतून सुटू शकत नाही.

५

कांट यांनी १७९७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात परोपकारासाठी बोललेले असत्यही निषिद्ध ठरवले, कारण त्याने सांगण्यावरचा विश्वासच ढळतो आणि हानी अखिल मानवजातीची होते. ही मीमांसा मान्य केली तरी साठ कबरीपाशी होणारी हानी त्याहून अधिक नेमकी आहे. येथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही संतुष्ट आहेत. हानी होते ती तिसऱ्या पक्षाची, जिच्याविषयी बोलले जाते तिची. त्या कबरींत ज्या कोणी असतील त्यांची नावे कोणतीच कथा सांगत नाही. त्या एकाच दिवशी मेल्या की वर्षानुवर्षांच्या अंतराने, विहिरीत की रोगशय्येवर, त्या एका पुरुषाच्या बायका होत्या की एका मोठ्या घराण्याच्या स्त्रिया होत्या, हे प्रश्नही कथा उपस्थित होऊ देत नाही. एका पुरुषाचे शील सिद्ध करण्यापुरत्या त्या मेलेल्या आहेत: एका कथेत त्याचे क्रौर्य सिद्ध करण्यासाठी, दुसरीत त्याची अगतिकता. मराठी श्रोता या कथेने सुखावतो तेव्हा त्या सुखाची किंमत या निनावी स्त्रियांनी चुकती केलेली असते. जिवंतांना आपली बाजू मांडता येते. मृतांना ती येत नाही, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना सत्याचे बंधन सैल होत नाही, उलट आवळते.

दुसरी हानी खुद्द श्रोत्याची आहे, आणि मराठी श्रोत्याच्या बाबतीत ती लक्षणीय आहे. विजापूर त्याला केवळ शत्रूची राजधानी म्हणून दाखवले जाते. पहिल्या इब्राहिमने महसुली दप्तरातून फारसी दूर करून देशी भाषेला स्थान दिले आणि तेथे ब्राह्मण कारकून नेमले, असे फिरिश्ता नोंदवतो. आदिलशाही कारभारात मोडीतले मराठी वावरत होते. शहाजीराजांच्या आयुष्याचा मोठा भाग या दरबाराच्या सेवेत गेला, आणि १६४८ मध्ये त्यांना कैद झाली तीही याच दरबाराकडून. दुसऱ्या इब्राहिमचा ‘किताब-इ-नौरस’ सरस्वतीच्या स्तवनाने सुरू होतो. ही गुंतागुंत मराठी माणसाच्या स्वतःच्या इतिहासाचा भाग आहे. त्याला रुचेल तेवढेच सांगणारी फेरी त्याच्या वाट्याचा इतिहास त्याच्याच पैशाने त्याच्यापासून काढून घेते.

६

यावर उपाय म्हणून आख्यायिका वगळून नुसत्या सनावळ्या सांगाव्यात असे सुचवणे अरसिकपणाचे होईल. आख्यायिका हीसुद्धा शहराचीच वस्तू आहे. लोकांनी या कबरींकडे कसे पाहिले याचा तो पुरावा आहे. शिवाय प्रत्येक सांगणे श्रोत्यानुसार बदलतेच. मुलाला थोडक्यात सांगावे लागते, परक्याला संदर्भासह. पण भाषा, विस्तार आणि क्रम बदलणे वेगळे आणि निवाडा बदलणे वेगळे. पहिल्यात श्रोत्याची सोय आहे, दुसऱ्यात त्याची खुशामत.

मराठीत या विवेकासाठी एक लहानसा शब्द उपलब्ध आहे: ‘म्हणे’. ‘खानाने बायका मारल्या’ आणि ‘खानाने बायका मारल्या म्हणे’ या दोन वाक्यांत कथा एकच आहे; परंतु दुसऱ्यात निवेदकाने आपली साक्ष काढून घेतली आहे. कथा राहते, कबर राहते, त्यांना जोडणारे बोट मात्र खाली येते. अर्थात हा शब्द कुटाळांचाही आश्रय आहे. अफवा त्याच्याच आडून पसरते. म्हणून ‘म्हणे’ म्हटल्याने सांगणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. कोण म्हणते आणि कोणापुढे म्हणते, हे विचारले गेले तर उत्तर देण्याची तयारी त्या शब्दात गृहीत धरली पाहिजे. तिची कसोटी साधी आहे. हीच कथा, याच निवाड्यासह, त्या गैरहजर शेजाऱ्यासमोर सांगता येईल काय? येत नसेल, तर ‘म्हणे’ जोडूनही ती सांगणे अप्रामाणिक आहे.

ही कसोटी ऐकणाऱ्यालाही लागू आहे, किंबहुना त्याला अधिक. गाइडने ‘म्हणे’ उच्चारले तरी घरी परतल्यावर प्रवासी ते गाळतो. आप्तांना सांगताना, प्रवासवर्णन लिहिताना, मुलाच्या वहीत उतरवताना ते गळते आणि आख्यायिका माहिती होऊन बसते. असत्याचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या गळण्यात शोधले पाहिजे. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या गाइडने कधी म्हटले की ‘या कोण होत्या ते कोणालाच ठाऊक नाही’, तर ते त्या दिवसातले सर्वांत खरे वाक्य असेल. ते ऐकून घेणे आणि ठरलेले पैसे एक रुपयाही न कापता देणे, एवढे तरी ऐकणाऱ्याच्या हाती असते.