झीरो बघा!

पेट्रोल पंपावरचा मुलगा नळी टाकीत घालण्याआधी एक वाक्य म्हणतो. "मॅडम, झीरो बघा." वाशीत ते बऱ्याचदा हिंदीत येतं, पण मागणी तीच. आपण मान हलवतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. आकडे धावतात, पैसे दिले जातात, गाडी पुढे. दिवसातून शेकडो वेळा हे वाक्य म्हणणाऱ्या त्या मुलाला नेमकं काय हवं असतं? आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा, की ठेवू नये? प्रामाणिक माणूस "माझ्याकडे लक्ष ठेवा" असं कशाला म्हणेल?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या भाषेत चोरीला, लबाडीला, फसवणुकीला कितीतरी शब्द आहेत. तरीही एका प्रकारासाठी तिने वेगळा शब्दप्रयोग राखून ठेवला आहे: मापात पाप. वाशीच्या घाऊक बाजारात आलेला कांद्याचा ट्रक ज्या मोठ्या काट्यावर चढतो, त्याला ट्रकवाले धर्मकाटा म्हणतात. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत होती. बाकी व्यवहारात देवाधर्माची आठवण होवो न होवो, मोजताना मात्र ती व्हायची. याचं कारण मला असं वाटतं: चोर आपल्या पाठीमागे चोरी करतो, मापात पाप करणारा आपल्या डोळ्यांदेखत करतो आणि वर आपल्यालाच साक्षीदार करतो. आपण बघितलेलं असतं, मान हलवलेली असते. म्हणून ती फसवणूक जास्त लागते.

पेट्रोल पंपाचा इतिहासही एका अर्थी या बघण्याचाच इतिहास आहे. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने १८८५ साली दुकानदारांसाठी रॉकेल मोजून देणारा पंप तयार केला. मोटारी आल्यावर तेच तंत्र पेट्रोलला लागू झालं. पण जमिनीखालच्या टाकीतून नळीवाटे थेट गाडीत जाणारं तेल गिऱ्हाइकाला दिसेना आणि संशय वाढला. त्यावर उपाय म्हणून काचेचं नळकांडं असलेले उंच पंप आले. दांडा मागेपुढे हलवून पेट्रोल आधी वरच्या काचेच्या भांड्यात चढवायचं. भांड्यावर गॅलनच्या खुणा. गिऱ्हाइकाने मान वर करून बघायचं, मग तोटी सोडायची आणि पेट्रोल आपल्याच वजनाने खाली टाकीत उतरायचं. माझे आजोबा असल्या पंपाचं वर्णन करायचे तेव्हा त्यांचा हात आपोआप दांडा मारल्यासारखा हलायचा. ते बर्मा शेल, कॅलटेक्स, एस्सो यांचे दिवस होते. सत्तरच्या दशकात या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, पाट्यांचे रंग बदलले, आणि तोवर काचेची भांडीही गेली होती.

माझ्या लहानपणी आकडे छापलेल्या चाकांचे पंप होते. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पूल झाला तेव्हापासून मुंबईहून कोकणात जायला ठाण्याचा वळसा उरला नव्हता. रस्ता वाशीवरूनच जायचा. ऐंशीच्या दशकात मे महिन्यात आम्ही बाबांच्या फियाटमधून गावी निघायचो. पनवेल सोडलं की पंप विरळ होत जायचे. आज सायन-पनवेल महामार्गावर एक पंप आवडला नाही तर पुढचा आहेच. तेव्हा पुढचा कधी येईल ते बाबांना पाठ असे, आणि तो उघडा असेलच असं नसे. पंपावर थांबलं की काका खाली उतरायचे आणि थेट आकड्यांसमोर जाऊन उभे राहायचे. बाबा स्टिअरिंगवरून हलायचे नाहीत. "काय उभा राहतोस, तो काय चोर आहे?" असं ते काकांना म्हणत. काका म्हणत, "दादा, चोर नाही म्हणूनच उभा राहतो. त्यालाही बरं वाटतं."

एकदा घाट चढायच्या आधी रात्री एका पंपावर वीज नव्हती. खाटेवर झोपलेला माणूस उठला, पंपाला हँडल लावलं आणि हाताने फिरवायला लागला. काकांनी बॅटरीचा झोत नळीवर धरला. तो माणूस म्हणाला, "नळीवर नको, आकड्यावर मारा." पैसे त्याने बोर्डावरच्या भावानेच घेतले. जाताना म्हणाला, "घाटात कुठे मिळायचं नाही, आणखी दोन लिटर घेऊन ठेवा."

इमॅन्युएल कान्टने १७८५च्या आपल्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार कुणालाच जास्त भाव लावत नाही. लहान मूल गेलं तरी त्याला तोच भाव. पण एवढ्यावरून तो कर्तव्य म्हणून प्रामाणिक आहे, असं म्हणता येत नाही, असं कान्टचं म्हणणं. गिऱ्हाईक टिकावं म्हणूनही तो तसं वागत असेल. गल्लीतला दुकानदार उद्या पुन्हा भेटणार असतो, त्यामुळे त्याच्या सचोटीत धंदा किती आणि नीती किती हे वेगळं काढता येत नाही.

आडरस्त्यावरचा पंप हे उदाहरण वेगळ्या जागी नेऊन ठेवतो. तिथे रात्री आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येण्याची शक्यता कमी. त्याला दुसरा पर्याय नाही. पोरंबाळं गाडीत झोपलेली, टाकी रिकामी, समोर घाट. तिथे दुप्पट भाव मागितला असता तरी आम्ही दिला असता. म्हणजे धंद्याचा हिशेब बराचसा गळून पडतो आणि प्रामाणिकपणा उरलाच तर तो बऱ्यापैकी निर्भेळ असावा. तरी कान्ट आपली पाठ सोडत नाही. "आणखी दोन लिटर घ्या" ही काळजी होती की विक्री? बाहेरून सांगता येत नाही. त्या माणसालाही कदाचित सांगता आलं नसतं. सांगता येते ती एकच गोष्ट: त्याने उजेड आकड्यावर मागितला. हेतू तपासता येत नाही हे मान्य करून त्याने जे तपासता येतं ते आमच्यासमोर ठेवलं.

म्हणून "पूर्वी लोक प्रामाणिक होते" या वाक्याला माझी मान हलत नाही. सगळेच प्रामाणिक असते तर काचेचं भांडं लागलंच नसतं. शिवाय काचेतून मोप दिसायचं, दर्जा नाही. पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा धंदा आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला, कारण रेशनचं रॉकेल स्वस्त होतं. ते ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग दिला तरी धंदा थांबला नाही.

पुढे डोळ्यांचा उपयोग आणखी कमी झाला. आताच्या पंपात मीटर फिरतं तसे विजेचे स्पंद निघतात आणि ते मोजून पडद्यावर लिटर उमटतात. एप्रिल २०१७मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने लखनौमध्ये छापे घातले तेव्हा काही पंपांत या स्पंदांच्या मोजणीत फेरफार करणाऱ्या चिप सापडल्या. त्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातही तशीच मोहीम काढली. या फसवणुकीत शून्य खरंच शून्य असतं. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघितलंत तरी आकडा शून्यापासूनच सुरू होतो. खोटं त्यानंतर, आत कुठेतरी घडतं. बघणाऱ्याला साक्षीदार करण्याची जुनी युक्ती इथे पूर्णत्वाला गेली.

मग आपण कशाच्या भरवशावर मान हलवतो? वैधमापन खात्याचा निरीक्षक दर वर्षी पंप पडताळून त्यावर मुद्रा मारतो, या भरवशावर. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, आणि पाच लिटरमागे फरक पंचवीस मिलिलिटरच्या आत असावा लागतो, या भरवशावर. म्हणजे बघणं थांबलेलं नाही, आपण ते दुसऱ्यांकडे सोपवलं आहे. ज्याला आपण विश्वास म्हणतो तो बऱ्याचदा असा वाटून दिलेला पहारा असतो.

त्या पहाऱ्याची किंमत कुणीतरी मोजतं. शण्मुगम मंजुनाथ हा इंडियन ऑइलचा सत्तावीस वर्षांचा अधिकारी. भेसळीबद्दल एका पंपावर कारवाई केल्यावर, नोव्हेंबर २००५मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात त्याला गोळ्या घालून मारलं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या काळ्या धंद्यात हात घालणारे मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारलं. आपण मोबाइल बघत मान हलवतो तेव्हा आपल्या वाटचं बघणं ही माणसं करत होती. आपल्याला त्यांचं नाव आठवत नाही, हे आपल्या विश्वासाच्या हिशेबात कुठेतरी धरायला हवं.

याची दुसरी बाजूही आहे. संशय आलाच तर आपण तो काढतो कुणावर? समोरच्या मुलावर. चिप त्याने बसवलेली नसते, मालक तो नसतो, भाव तो ठरवत नाही. १६ जून २०१७पासून भाव देशभर रोज बदलू लागले, तेव्हा त्याबद्दलच्या शिव्याही त्यानेच खाल्ल्या. साखळीतला सर्वांत कमी पगाराचा माणूस आपल्याला दिसतो, म्हणून तोच आरोपी. यंत्र जितकं अपारदर्शक, तितका त्याच्यापाशी उभा असलेला माणूस आपल्या रागाला सोयीचा.

बाबा आणि काका यांच्यातलं कोण बरोबर होतं? बाबांचं न उतरणं मोठ्या मनाचं दिसायचं. पण न बघणं आणि विश्वास ठेवणं यांत फरक आहे, आणि न बघणाऱ्याला तो क्वचितच कळतो. आपल्याला कंटाळा असतो, घाई असते, भीड असते, आणि त्या सगळ्याला विश्वास हे चांगलं नाव देता येतं. काकांचं उभं राहणं चारचौघांत संशयी दिसायचं. पण त्यांच्या उभं राहण्यामुळे पंपावरचा माणूस आपलं काम कुणाच्या तरी देखत नीट करू शकत असे. प्रामाणिक माणसालाही साक्षीदार लागतो, एरवी त्याचा प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याची लबाडी बाहेरून सारखीच दिसते. "आकड्यावर मारा" म्हणणाऱ्याला तो साक्षीदार हवा होता.

आता वाशीत विजेच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रं दिसायला लागली आहेत. तिथे ना वास, ना नळी, ना धार. फक्त युनिटांचा आकडा, आणि तोही आपल्याच मोबाइलवर. "झीरो बघा" म्हणायला तिथे माणूसही लागत नाही. मोजणं तिथेही आहेच, आणि ते तपासणारं कुणीतरी लागणारच आहे. ती व्यवस्था नीट चालते का, हे विचारण्याचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल. तोवर पंपावर कधीतरी पाच लिटरचं माप मागून बघावं. आवाज न चढवता, गुन्हेगार पकडल्याच्या आविर्भावात न जाता, आपलं एक नेहमीचं काम म्हणून. आणि तो मुलगा झीरो बघायला सांगेल तेव्हा आधी आकड्याकडे, मग त्याच्याकडे बघावं. दोन्हीला मिळून दोन सेकंद लागतात.