पाठच्या भावाने ठरवायचं

आईबाप मुलाचं करतात, नवराबायको एकमेकांचं करतात. त्याला समाजात नाव आहे, मान आहे. भावंडाचं करणाऱ्याच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. घरातल्या एका मुलाला स्किझोफ्रेनिया झाला की ‘आमच्यामागे याचं कोण बघणार?’ हा प्रश्न दुसऱ्याच्या देखत वर्षानुवर्षं विचारला जातो. त्याला थेट कुणीच विचारत नाही. त्याने आपलं समजून घ्यायचं. वॉली लँब या अमेरिकन लेखकाची १९९८ सालची ‘आय नो धिस मच इज ट्रू’ ही जवळपास नऊशे पानांची कादंबरी अशा गृहीत धरलेल्या भावाची आहे.

थॉमस आणि डॉमिनिक एकसारखे दिसणारे जुळे. थॉमस ३१ डिसेंबर १९४९चा, डॉमिनिक काही मिनिटांनी धाकटा, म्हणून १ जानेवारी १९५०चा. थॉमसचा आजार कॉलेजच्या वयात उघडा पडला. १२ ऑक्टोबर १९९० रोजी, आखाती युद्ध तोंडावर आलेलं असताना, तो गावाच्या सार्वजनिक वाचनालयात बसून स्वतःचा उजवा हात तोडतो. या बलिदानाने युद्ध टळेल, अशी त्याची खात्री असते. सर्जन हात पुन्हा जोडायला तयार आहेत, थॉमस जिवाच्या आकांताने नको म्हणतोय, आणि ठरवायचंय डॉमिनिकने. तो सांगतो, जोडू नका.

भ्रमात असलेल्या माणसाचं ऐकायचं? वाचकाला इथे राग येतो आणि लँबना तो यायला हवा आहे. गोळ्या वेळेवर देणं, ओपीडीच्या रांगेत बसणं, रात्री जागणं हे कष्ट लोकांना दिसतात, त्यांचं कौतुकही होतं. दुसऱ्याच्या आयुष्याचं आपण ठरवण्याचं ओझं दिसत नाही, आणि ते वाटूनही घेता येत नाही. पुढे थॉमसला कडक पहाऱ्याच्या मनोरुग्णालयात डांबतात. डॉमिनिक झगडून त्याला सोडवतो, आणि बाहेर आलेला थॉमस पाण्यात बुडून मरतो. मायेने घेतलेला निर्णयही अंगाशी येतो, आणि लेखक डॉमिनिकला त्यातून सूट देत नाही.

डॉमिनिक संत नाही, हे फार बरं झालं. आईचा ओढा थॉमसकडे, याचा हेवा त्याला चाळिशीतही सुटलेला नाही. शिवाय भीती आहे. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला हा आजार असला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने निम्मी किंवा त्याहून थोडी कमी. दाढी करताना आरशात रोज तोच चेहरा समोर असलेल्या माणसाला उरलेल्या निम्म्याचा दिलासा पुरत नाही.

मग तो मुळाशी जायला बघतो. सिसिलीहून आलेल्या आजोबांनी इटालियनमध्ये लिहून ठेवलेली आत्मकथा तो इंग्रजीत करवून घेऊन वाचतो. ही ओढ आपल्या ओळखीची आहे: कुणाच्या आजोळी कोण ‘तसं’ होतं, कुलदैवताचं काही राहिलंय का, बाहेरचं तर नाही ना. आजोबांच्या पानांत आजाराचं कारण सापडत नाही. सापडतो तो त्यांचा माज आणि घरच्या बायकांवरचा जुलूम. त्या माजाचा अंश आपल्यातही आहे, हे डॉमिनिकला कळतं. पिढ्यांच्या कादंबरीचा इतका उपयोग मला पुरेसा वाटतो.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने (२००४) आजारी भावाला स्वतःच्या संसारात आणणारी बहीण दाखवली. घराघरात मात्र हा विषय मुलीचं लग्न जमेपर्यंत झाकला जातो, आणि पुढे वाटणीच्या वेळीच निघतो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याहून शहाणा आहे. आपल्या वतीने निर्णयात कोणी साथ द्यावी, तो नामनिर्देशित प्रतिनिधी आजारी माणूस स्वतः निवडू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. तेव्हा तो बरा असताना, आईबाप हयात असताना, सगळ्यांनी एकत्र बसावं. आधी त्याला विचारावं, तुला कोण हवं? मग भावाला किंवा बहिणीला विचारावं, तुला हे जमेल का? त्यावर ‘नाही’ हे उत्तरही ऐकून घ्यायची तयारी ठेवावी. ‘नाही’ म्हणायची मुभा असलेल्या माणसाच्या ‘हो’वरच विसंबता येतं.