तिथीची पाऊणपट

सकाळी उठलं की आई आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते. ही सवय जुनी. उपास कधी, चतुर्थी कधी, हे तिला तिथूनच कळतं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र ती तिथी पाहते आणि बोटांवर काहीतरी मोजते.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे वैजापूरहून मालवणला गेलो होतो. आईनं सत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. आमच्या तालुक्यातून गोदावरी वाहते, पण तिचं पाणी थेट पूर्वेच्या समुद्राला जातं. आम्ही निघालो पश्चिमेला.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल होडीचा दोर सोडत होते. त्यांच्या वडिलांच्या होडीला शीड होतं, यांच्या होडीला इंजिन. आईकडे बघून त्यांनी विचारलं, "आये, आज तिथ खयची?"

"एकादशी," आई लगेच म्हणाली. "उपास हाये माझा."

"म्हणजे सव्वाआठाक भरती. सव्वादोनाक सुकती."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालतं. थोडं पुढंमागं होतं, पण होडीवाल्याला एवढं पुरतं.

जी एकादशी आईनं जन्मभर पाळली, तिच्यावर इकडे समुद्र वर चढत होता. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भरतीच्या पाण्यावरून आम्ही सिंधुदुर्गात गेलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधे हे. मुलं तटावर धावली. आई दूधबावेच्या काठाशी थांबली ती बराच वेळ. ज्या बाईनं डोक्यावरून पाणी वाहिलं, तिचं मन तिथंच अडकणार.

दुपारी ओहोटीला खडपं उघडी पडली. खडकाला कालवं घट्ट चिकटलेली. ओंजळभर पाण्याच्या डबक्यात बारीक मासे, काचेसारखे. मुलं मुखवटे लावून जरा खोल पाण्यात गेली आणि प्रवाळ बघून आली. दगडासारखा दिसतो पण जिवंत असतो, हे धाकटीनं आजीला तीनदा सांगितलं. आईला एक शंख सापडला. देव्हाऱ्यात ठेवू म्हणून तिनं तळहातावर घेतला, तर आतून बारीक पाय बाहेर आले. एका खेकड्याचं घर होतं ते. आई दचकली नाही. हात हळूच पाण्याशी नेला आणि जिथून उचलला होता तिथंच शंख ठेवला. "भरलेलं घर हाये," एवढंच म्हणाली. तांडेलांनी मान हलवली. १९८७ पासून मालवणचा हा समुद्र अभयारण्य आहे. आईला त्याची काही कल्पना नव्हती.

परतल्यावर मला जाणवलं, आमच्याकडच्या पाण्याला तिथी नसते. नांदूर मधमेश्वरच्या कालव्याला आवर्तन कधी सुटेल, नळ कोणत्या दिवशी येईल, याची वाट पाहण्यात आमच्या पिढ्या गेल्या. पाऊस आला तर आला. म्हणूनच कदाचित, ज्याची वेळ बोटांवर मोजता येते असं पाणी आईला इतकं आवडलं असावं. ते तिच्या हंड्यात कधीच येणार नाही. तरी ती रोज मोजते.

आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. आत्ता साडेपाच वाजलेत. अंगणात अजून अंधार आहे. नळानं आधी फुसफुस केली, मग धार लागली. आईनं हंडा खाली सरकवला आणि धारेकडे बघत म्हणाली,

"तिकडं आता पाणी उतरत असंल. कालवं उघडी पडतील थोड्या वेळानं."