नाव आपलं, नेट सगळ्यांचं

परीक्षेचे दिवस आले की जळोचीतल्या भाड्याच्या खोल्यांमधून रात्री एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हॉटस्पॉट चालू कर की रं जरा." गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलं आहे. विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालयं, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, नवं वैद्यकीय महाविद्यालय आणि एमआयडीसीतले कारखाने जवळ असल्यानं बाहेरगावची मुलं इथं खोल्या घेऊन राहतात. खोलीत चौघं असले तर लॅपटॉप बहुधा एकाकडेच असतो. नेटची जोडणीही त्याच्याच नावावर असते. बाकीच्यांचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा संध्याकाळीच संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नोट्सचं एक पानही उघडेनासं होतं. मग लॅपटॉपवाल्याकडे मागणी जाते आणि तो बटण दाबतो. मागणाऱ्याला संकोच वाटत नाही, देणाऱ्यालाही फार विचार करावा लागत नाही. एका खोलीत राहणाऱ्या मुलांमध्ये असा मोकळेपणा उरला आहे, याचं मला मनापासून बरं वाटतं. या देण्यातून नेमकं काय दिलं जातं, ते मात्र दोघांनीही एकदा नीट समजून घ्यायला हवं.

बटण दाबल्यावर लॅपटॉप दोन कामं एकदम करू लागतो. एका बाजूनं तो स्वतः इंटरनेट घेतो आणि दुसऱ्या बाजूनं तेच इतरांना वाटतो. वायफायचं कार्ड मात्र त्याच्यात एकच असतं. एकाच कार्डानं एकाच वेळी दोन नेटवर्कांशी कसं बोलायचं, या प्रश्नावर जमशेदपूरमध्ये वाढलेले रणवीर चंद्रा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करताना काम करत होते. वीज वाचवण्यासाठी कार्डाला थोडा वेळ झोपता यावं, अशी सोय वायफायमध्ये आधीपासून होती. ती त्यांनी वापरली. कार्ड पहिल्या नेटवर्कला झोपत असल्याचं कळवतं. ते नेटवर्क तेवढ्यापुरता त्याचा मजकूर राखून ठेवतं. कार्ड दुसऱ्या नेटवर्कशी बोलून परत येतं, आणि हे सगळं सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांत चालतं. हे काम २००९च्या विंडोज ७ मध्ये आलं आणि २०१६ पासून विंडोज १० मध्ये हॉटस्पॉट एका बटणावर मिळू लागला. याच चंद्रांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये फार्मबीट्स हा प्रकल्प उभा केला. शेतकऱ्याच्या घरापर्यंत आलेलं इंटरनेट त्याच्या शेतापर्यंत कसं न्यायचं, हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. मायक्रोसॉफ्टच्या त्याच शेतीतंत्राचा उपयोग आज बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसप्रयोगात होतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला, तेव्हा बारामतीचं नाव जगभर गेलं. खोलीतलं नेट वाटून घेणं आणि उसाच्या सरीपर्यंत नेट पोचवणं, या दोन्ही प्रश्नांवर एकाच माणसानं उमेदीची वर्षं घालवली, हे इथल्या मुलांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोजचा लॅपटॉप हॉटस्पॉट सुरू करताना बहुधा स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि जोडल्या गेलेल्या प्रत्येक मोबाइलला त्याच मालिकेतला पुढचा एखादा पत्ता देतो. हे पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जळोचीत असोत की जपानमध्ये, खोलीबाहेर त्यांना किंमत नाही. बाहेरच्या जगाशी बोलताना लॅपटॉप प्रत्येक मागणीवरचा आतला पत्ता पुसून तिथं स्वतःचा पत्ता घालतो. कोणती मागणी कोणाची होती, ही नोंद त्याच्यापाशी थोडा वेळ राहते, तीही फक्त उत्तर योग्य मोबाइलवर पोचवण्यापुरती. बाहेरच्यांना एकच जोडणी दिसते, आणि नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या दप्तरात त्या जोडणीपुढे एकाच माणसाचं नाव असतं. खोलीत आठ जण जोडलेले असले, तरी त्या आठांनी जे जे केलं ते त्या एका नावावर जमा होतं.

याचा अर्थ काय होऊ शकतो, ते महाराष्ट्रानं २००८ मध्ये पाहिलं आहे. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथं एक परदेशी गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांच्या वायफायला संरक्षण नव्हतं आणि कोणीतरी बाहेरून त्यात शिरून तो मेल पाठवला होता. पुढच्या दोन महिन्यांत तसेच मेल आणखी दोन ठिकाणांहून गेले, एक माटुंग्याच्या महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून आणि दुसरा चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. ज्यांची जोडणी वापरली गेली त्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. तरीही चौकशी, घरातल्या संगणकांची तपासणी, वर्तमानपत्रांतून नाव आणि शेजाऱ्यांच्या नजरा हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. निर्दोष असणं आणि निर्दोष ठरणं यांच्यामधला काळ किती जड असतो, हे त्या कुटुंबालाच ठाऊक असेल.

असे प्रसंग वाचून काही जण ठरवतात की कोणालाच द्यायचं नाही. भीती खरी आहे, पण तिच्यातून काढलेला हा निष्कर्ष मला पटत नाही. आपण वारीच्या वाटेवरची माणसं आहोत. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं आणि सोहळा पुढे सणसर, इंदापूरकडे निघतो. त्या दिवसांत इथल्या घरांतून भाकरी वाटली जाते ती नाव-गाव न विचारता. ती रीत सोडावी असं मला कधी वाटणार नाही. मात्र भाकरी दिली की देणं तिथं पुरं होतं. ती खाऊन वारकरी पुढे काय बोलतो, कुठं जातो, याचा आपल्या नावाशी संबंध उरत नाही. जोडणीचं तसं नाही. ती वापरली जात असते तोवर समोरचा माणूस आपलं नाव घेऊन जगात वावरत असतो. म्हणून नेट देताना माणूस ओळखीचा असावा, पासवर्ड असावा, काम झालं की तो बदलावा. एकदा दिलेला पासवर्ड समोरच्याच्या मोबाइलमध्ये साठून राहतो आणि पुढच्या वेळी तो आपण होऊन जोडला जातो, हेही ध्यानात ठेवावं. यात अविश्वास नाही. ओळखून दिलेलं देणं निश्चिंत मनानं देता येतं, आणि घेणाराही ते ताठ मानेनं घेतो.

देणाऱ्याच्या हातात मात्र एक सत्ता येते, आणि मला तिची अधिक काळजी वाटते. सगळ्यांची वाहतूक त्याच्या लॅपटॉपमधून जाते. मजकूर बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, पण कोण कोणत्या साइटवर गेलं हे जाणकाराला पाहता येऊ शकतं. खोलीतला मित्र रात्री एखाद्या आजाराची माहिती शोधत असेल, कर्जाचे हप्ते बघत असेल, गावाकडच्या भांडणासाठी वकिलाचा पत्ता शोधत असेल. जोडणी आपली आहे म्हणून त्यात डोकावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला. तिथं प्रश्न वसतिगृहाच्या नियमांचा होता, पण त्यामागचं तत्त्व चौघांच्या खोलीलाही लागू व्हावं. दुसरी सत्ता बंद करण्याची. भांडण झालं की हॉटस्पॉट बंद, भांडी घासली नाहीत की हॉटस्पॉट बंद, असं होताना दिसतं. ज्याचा उद्या पेपर आहे त्याला असं बटणावर टांगून ठेवणं हा छळ आहे, आणि छळ करणाऱ्याला तो बहुधा थट्टा वाटतो. द्यायचं नसेल तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

घेणाऱ्याकडूनही काही अपेक्षा आहेत, आणि त्या अगदी साध्या आहेत. लॅपटॉपचा हॉटस्पॉट मोबाइलला वायफाय म्हणूनच दिसतो. त्यामुळे 'फक्त वायफायवर' म्हणून थांबवून ठेवलेली सगळी कामं तो लगेच सुरू करतो. महिनाभराचे फोटो वर चढू लागतात, ॲप अद्ययावत होऊ लागतात, गटांमधले व्हिडिओ उतरू लागतात. घेणाऱ्यानं काही केलेलं नसतं, पण देणाऱ्याचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपतो. हे टाळायचं तर जोडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन मीटर्ड म्हणून नोंदवावं, म्हणजे बरीचशी मागची कामं थांबतात. एवढं करायला दहा सेकंद पुरतात. दुसऱ्याची वस्तू वापरताना आपल्या हातून नकळत काय खर्च होतं हे शोधून काढणं, याला मी सभ्यता म्हणतो.

आणखी एक प्रश्न राहतो, जो फारसा कोणी विचारत नाही. जे आपण वाटतो आहोत, ते वाटण्याचा अधिकार आपला आहे का? महाविद्यालयाचं लॉगिन विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासासाठी दिलेलं असतं. कंपनीच्या लॅपटॉपवरून घरी काम करणाऱ्याच्या यंत्रात ग्राहकांची माहिती असते. तिथून बाहेरच्यांना जोडणी देणं म्हणजे संस्थेनं टाकलेला विश्वास परस्पर खर्च करणं. मित्राची अडचण खरी असली तरी अशा वेळी नाही म्हणायला हवं, आणि त्याच्यासाठी दुसरी सोय शोधायला हवी.

खोलीतल्या मित्रांचं कसंही भागतं. ज्याला मागायला कोणी नाही, त्याचं काय? २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकशास्त्र शिकणारी एक मुलगी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर खोपटं बांधून भर पावसाळ्यात तासिकांना बसली. राज्यानं तिचं कौतुक केलं. ते तिच्या जिद्दीला शोभणारंच होतं. पण अशा जिद्दीची गरज पडणं हे समाज म्हणून आपलं अपयश आहे, आणि ते कौतुकात झाकलं जाऊ नये.

महाराष्ट्रात एका जोडणीवर गाव चालवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९८ मध्ये वारणेच्या खोऱ्यात सत्तर गावांमध्ये संगणक बसवले गेले. पुढे तिथंच एक प्रयोग झाला. संगणकाला एक साधा मोबाइल जोडला आणि शेतकऱ्यांना आपल्या उसाचं वजन एसएमएसवर मिळू लागलं. आयआयटी मुंबईच्या 'आक्वा' या सेवेत शेतकरी मराठीतून प्रश्न टाकत आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ त्यांना उत्तरं देत. यंत्र एक, वापरणारे अनेक, आणि मध्ये जबाबदारी घेणारी एक संस्था, अशी ती मांडणी होती.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात तर वाटपाचा विचार याहून खोल गेला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. निरेच्या डाव्या कालव्यानं केलेली बागायती आणि जिरायती अशी विभागणी पाहिलेल्या आपल्या भागात या शेवटच्या अटीचं वजन कळायला हवं. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्यालाही जोडणीत वाटा आहे, असं आपण ठामपणे म्हणायला शिकलं पाहिजे.

त्यासाठी आज कायद्यानं वाट मोकळी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहाची टपरी, किराणा दुकान, झेरॉक्सवाला, कोणीही परवान्याशिवाय आपली ब्रॉडबँड जोडणी लहान लहान पॅकमध्ये लोकांना देऊ शकतो. यात वापरणारा प्रत्येक जण स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर ओळख पटवून जोडला जातो. म्हणजे टपरीवाल्याची जोडणी वाटली जाते, पण त्याचं नाव कोणाच्या कृत्याला चिकटत नाही. सानपाड्याच्या त्या कुटुंबावर आलेलं संकट इथं मुळातच टळतं. जळोचीत बाजार समितीचा भाजीपाल्याचा उपबाजार भरतो. पहाटे माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला इतर बाजारांतले भाव बघायचे असतात, पैसे खात्यावर आले का ते तपासायचं असतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मुलांच्या खोल्या आहेत. बाजार समितीनं आवारातल्या दोन-चार दुकानदारांना यासाठी तयार करावं, नगरपरिषदेनं सुरुवातीच्या राउटरचा खर्च उचलावा आणि रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एक स्वस्त पॅक ठेवावा. येत्या परीक्षेच्या आत हे होऊ शकतं.